भुऱ्याला दोन दारं लागतात

४ मे २००७, शुक्रवार

रंगाच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात कोरी पडली होती. आज घरी आणली. मला जे बोलायचं आहे ते दुकानात बोलता येत नाही, आणि घरात बोललो तर माझी बायको शोभा डोळ्याला पदर लावते.

लेक सपना परवा सासरहून, अमरावतीहून आली. सोबत तिची पोरगी आचल, एक लोखंडी ट्रंक आणि एक ससा. दारातच म्हणाली, "बाबा, मी आता वापस जात नाई." शोभाने पोरीला आत घेतलं. मी आधी ऑटोवाल्याकडे पाहिलं, त्याने ऐकलं की काय म्हणून. लेक दारात उभी असताना बापाने पहिलं काम हे केलं.

काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर मला काहीतरी करावं लागेल. निकेशराव तसे चांगले आहेत. नोकरी पक्की, सुपारीचंही व्यसन नाही, मला मामाजी म्हणताना दोन्ही हात जोडतात. हे स्थळ अण्णाजींनी आणलं होतं, आणि अण्णाजी रोज सकाळी माझ्या दुकानात चहाला बसतात. त्यांना सांगितलं, शाळेला सुट्ट्या लागल्या, लेक माहेरपणाला आली. सुट्ट्या खरोखरच लागल्या आहेत, तेवढं तरी खोटं नाही.

६ मे, रविवार

ससा हा घरात ठेवायचा प्राणी आहे हे मला या वयात कळतं आहे. रंग राखाडी, म्हणून आचलने नाव ठेवलं भुऱ्या. दोन वर्षांपासून घरात मोकळाच राहतो म्हणे. मी दुकानातून चांगली जाळी आणून पिंजरा करायला निघालो तर सपना म्हणाली, पिंजरा नको. तिचा आवाज इतका कडक होता की मी जाळी तशीच गुंडाळून ठेवली.

एवढ्या मोठ्या शहरात सोबतीला ससा कशाला लागावा, असं मी शोभाला म्हटलं. शेजारपाजार आहे, बाजार आहे, देऊळ आहे. शोभा म्हणाली, तीही हेच विचारणार होती, पण राहून गेलं.

तिघांना मागची खोली दिली. घर बांधलं तेव्हा ती दुकानाच्या सामानासाठी काढली होती. एक दार घरात उघडतं, एक मागच्या गल्लीत. गल्लीच्या दाराला मी आज आतून लोखंडी कपाट सरकवून लावलं. समोर सुमित्राबाई राहते. तिचा दिवस खिडकीतच जातो आणि तिथून काही पाहिलं की ते संध्याकाळपर्यंत देवळी गावभर होतं. सपनाला सांगितलं की चोरांची भीती आहे. ती कपाटाकडे बघत राहिली.

९ मे, बुधवार

माझ्या टाइल्स. देवळीत अशा चकचकीत टाइल्स पहिल्यांदा माझ्या घरात बसल्या, लोक चपला बाहेर काढून पाहायला आले होते. त्या टाइल्सवर हा ससा घसरतो. चारही पाय चार दिशांना जातात, मग तो बसतो आणि हलतच नाही. आचल म्हणाली, आबाजी, त्याच्या तळव्याला आपल्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. म्हणून आता खोलीभर बारदाना अंथरला आहे. लाखाच्या घरात पोती. पाहुणा आला तर मी काय सांगू, सोयाबीन साठवलं आहे म्हणून?

बाकी तो स्वच्छ आहे, हे मान्य करावं लागतं. कोपऱ्यात एका घमेल्यात वाळलं गवत टाकून दिलं, तिथेच जातो. वायर मात्र दिसली की कुरतडतो. कूलरची वायर त्याने अर्धी केली. मी दुकानातून पाइपचे तुकडे आणून सगळ्या वायरी त्यात घातल्या. शोभा हसली. आठवडाभरात ती पहिल्यांदा हसली असेल.

आचल गुणी पोरगी आहे. पाणी प्यायला जातानाही विचारते, जाऊ का म्हणून. संडासला जातानाही विचारते. चांगलं वळण लावलं आहे.

१२ मे, शनिवार

सशासाठी देवदारी खोकं आणलं, समोर गोल भोक पाडलं, कडा पॉलिश पेपरने घासल्या. वस्तू सुबक झाली. तो आत जाईना. गाजर ठेवलं, कोथिंबीर ठेवली. भोकाशी येतो, वास घेतो, मागे फिरतो. मला राग आला. एवढी मेहनत केली तर जनावराने निदान मान ठेवावा.

सपना म्हणाली, "बाबा, त्याले दोन दारं लागतात. एकाच दारात कोणी उभं राह्यलं तं त्यानं पळावं कुठून?"

मी दुसऱ्या बाजूने भोक पाडलं. करवत ठेवायच्या आत तो आत शिरला आणि मधोमध पाय ताणून झोपला. मला उगीचच आनंद झाला. दुकानात अण्णाजींना सांगणार होतो, पण मग ससा कुठून आला हे सांगावं लागलं असतं.

१५ मे, मंगळवार

आज घरात कटकट झाली. मी दुपारी जेवायला आलो तर मागच्या खोलीच्या दाराची कडी गायब. बाहेरून लावायची पितळी कडी होती, माझ्याच दुकानातली, जड, हाताला गार लागणारी. सामानाची खोली म्हणून आतून कडी केलीच नव्हती, फक्त बाहेरून. सपनाने पेचकस घेऊन ती स्वतः काढली आणि माझ्या गादीवर आणून ठेवली. दारावर चार भोकं तेवढी उरली आहेत.

मी विचारलं, काऊन काढली? ती म्हणाली, इथं नको. मी म्हटलं, पितळ आहे ते, घराची शोभा आहे. ती म्हणाली, "तुमच्या खोलीले लावा मंग."

आणखी एक. रात्री ती ट्रंक दाराशी ओढून लावते आणि सकाळी परत सरकवते. बारदाना नाही तिथे टाइल्सवर ट्रंकेचे ओरखडे उठले आहेत. स्वतःच्या बापाच्या घरात ट्रंक कशाला लागते? मी शोभाला म्हटलं, लाडाने बिघडली.

१९ मे, शनिवार

धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी अधिक महिना येतो तो नेमका यंदा यायचा होता. बाजारपेठेत जो तो जावयाच्या तयारीत. कासाराकडे ताटं चमकायला लागली आहेत, किराण्यात अनारशाचा गूळ वेगळा काढून ठेवला आहे. सुमित्राबाईने दारातूनच विचारलं, लेक तं आलीच आहे भाऊ, जावई कधी बोलवता? अण्णाजींनी चहा पिता पिता तेच विचारलं. पुलगावहून मोतीलाल भाऊ माल घ्यायला आले, त्यांनीही विचारलं. मी प्रत्येकाला म्हणालो, येणार ना, येणार.

सपनाच्या लग्नानंतरचा हा तिसरा धोंडा. मागच्या वेळी मी असा थाट केला होता की लोकांनी नाव काढलं. यंदा जावई आला नाही तर लोक काय समजायचं ते समजतील. मी या गावात दाराच्या बिजागऱ्या विकतो. लोकांच्या घरात काय चाललं हे मला नेहमी सगळ्यांच्या आधी कळत आलं. आता माझ्या घराचं त्यांना कळणार या विचाराने दुकानात मान वर करवत नाही.

२४ मे, गुरुवार

ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दुपारभर लाइट नसते, म्हणजे कूलर नाही. भुऱ्या कानांनी उष्णता सोडतो म्हणे, कान तापले की समजायचं. आचल मातीचा माठ फुटला त्याची खापरं ओली करून त्याच्या खोक्याखाली ठेवते, तो त्यांवर पोट टेकून पडतो. मी दुपारी तिथे जाऊन बसलो. बारदान्यावर बसल्यावर खोली बरी वाटते. भुऱ्या आला, माझ्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला आणि पायाला टेकून बसला. सपनाने पाहिलं. म्हणाली, तो असा कोणाजवळ जात नाई. मला एखादा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

तेव्हाच मी तिला विचारायला पाहिजे होतं. ती बोलायच्या बेतात होती असं आता वाटतं. मी उठलो आणि म्हणालो, दुकान उघडायची वेळ झाली.

२ जून, शनिवार

मी निकेशरावांना फोन केला. दुकानाच्या फोनवरून, अण्णाजी गेल्यावर. सपनाला न सांगता. पुढच्या रविवारी धोंड्याला या म्हटलं. ते खूप आदराने बोलले. म्हणाले, मामाजी, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. मग म्हणाले, फक्त तो ससा मले दिसला नाई पाहिजे. मी म्हणालो, दिसणार नाही.

फोन ठेवल्यावर मला वाटलं की मोठं काम झालं. नवरा-बायको समोरासमोर आले की होतं सगळं ठीक. शोभाला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तांदूळ भिजत घातले. सपनाने विचारलं, अनारसे कोणासाठी? शोभा म्हणाली, महिना आहे, देवाला.

११ जून, सोमवार

काल लिहवलं नाही. आज दुकान उघडलं नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी ते माझ्या सोयीने विसरेन.

सकाळी सपनाला सांगितलं की निकेशराव जेवायला येत आहेत. वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने हातातला कपडा घडी करून ठेवला, आचलला घेतलं, खोलीत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. त्याच्या आधी मी भुऱ्याला उचलून नेलं होतं, आचल आंघोळीला असताना. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत सोडलं, जिथे मी सिमेंटचे पत्रे ठेवतो. पाण्याची वाटी ठेवली. बाहेरून कडी लावली. तासाभराचा प्रश्न आहे असं स्वतःला सांगितलं.

निकेशराव आले. अण्णाजींनाही मी बोलावलं होतं, कोणीतरी पाहणारं पाहिजे ना. पाट, रांगोळी, ताटात अनारसे, त्यावर दिवा. सपना बाहेर आली नाही. मी म्हणालो, तिला बरं नाही. जावई म्हणाले, चालते, आणि जेवायला बसले. घराची तारीफ केली, टाइल्सची केली. मग त्यांचं लक्ष मागच्या खोलीच्या दारावरच्या चार भोकांकडे गेलं.

हसत म्हणाले, "मामाजी, कडी काऊन काढली? मी तं बाहेरून लावून ऑफिसले निघून जातो. संध्याकाळवरी डोकं ठिकाणावर येते तिचं. पोरीचंही."

हे ते चोरून बोलले नाहीत. मिठाचं प्रमाण सांगावं तसं बोलले. शोभाचा तुपाचा चमचा हवेतच राहिला. अण्णाजी ताटात पाहू लागले. ट्रंक, कडी, पिंजरा नको म्हणताना तिचा आवाज, पाणी प्यायला विचारून जाणारी आचल, दिवसभराच्या सोबतीला ससा. इतके दिवस हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी टाइल्सचे ओरखडे मोजत होतो.

आणि मग मी काय केलं? मी त्यांच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला. हे कोणी मला करायला लावलं नाही. हात आपोआप गेला. जेवण झाल्यावर त्यांना टॉवेल-टोपी दिली, चांदीचं ताट दिलं, गाडीपर्यंत पोचवायला गेलो. सतरा तारखेला घेऊन जातो म्हणाले. मी मान हलवली. सपना दाराआड होती, तिने एक एक शब्द ऐकला असेल. वाढल्याचा आवाजही.

परत आलो तेव्हा आचल अजून भुऱ्याला शोधत होती. पलंगाखाली, कपाटामागे, खोक्यात. तेव्हा मला आठवण झाली. आठवण झाली असं मी लिहितो आहे, कारण तोपर्यंत मी त्याला पार विसरलो होतो. पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ आली. तो एका कुशीवर पडला होता, तोंड उघडं, कान लाल. पाण्याची वाटी उलटली होती. दाराच्या फळीवर खालच्या बाजूला त्याच्या नखांचे ओरखडे होते.

सपना माझ्यामागे येऊन उभी होती. तिने त्याला उचललं, ओल्या बारदान्यावर ठेवलं, कानांना ओलं फडकं लावत बसली. आचल रडत नव्हती, नुसती पाहत होती. मी म्हणालो, "वाऱ्यानं दार लागलं असंल."

सपनाने वर पाहिलंही नाही. म्हणाली, "कडी वारा लावत नाई, बाबा."

मी कड्या विकतो. सगळी हयात मी कड्या विकत आलो.

१२ जून, मंगळवार

भुऱ्या जगला. आज त्याने थोडी मेथी खाल्ली. मी खोलीच्या दारात उभा राहिलो तर त्याने मागचा पाय जमिनीवर जोरात आपटला आणि खोक्यात शिरला, मग दुसऱ्या दारातून निघून पलंगाखाली गेला. आचल म्हणाली, धोका दिसला की तो असा पाय आपटतो, आबाजी. ती मला समजावून सांगत होती, टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

सपनाची ट्रंक भरलेली आहे. तिच्या एका मैत्रिणीची वर्ध्याला भाड्याची खोली आहे, तिकडे जाते म्हणते. शोभा म्हणाली, थांबव तिला. कोणत्या तोंडाने थांबवू? तिच्या दृष्टीने ही कडी आणि ती कडी एकच आहे. माझ्या दृष्टीनेही आहे.

१४ जून, गुरुवार

सकाळी अण्णाजी चहाला आले नाहीत. मीच त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, प्रभाकरराव, आपण जेवत होतो त्या ताटावर मला लाज वाटली. मी म्हणालो, वाढणाऱ्याचं काय मग? निघताना मी म्हणालो, लेक माहेरपणाला आलेली नाही, ती नवरा सोडून आली आहे. आता माझ्याकडेच राहील, ती राहायला तयार असेल तर. हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडातून काढलं. अण्णाजींची सून दारात उभी होती, तिनेही ऐकलं. आता देवळीभर होईल. होऊ द्या.

दुकानातून निकेशरावांना फोन केला. सतराला येऊ नका, म्हणालो. ते म्हणाले, मामाजी, तुम्ही समजदार आहात. मला पुष्कळ बोलायचं होतं, रात्रभर पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच म्हणता आलं, मला मामाजी म्हणू नका. फोन ठेवला. शूरपणा काही झाला नाही. झालं ते इतकंच.

दुपारी लोखंडी कपाट ओढून बाजूला केलं आणि गल्लीचं दार उघडलं. बिजागऱ्या कुरकुरत होत्या, तेल घातलं. समोरच्या खिडकीत सुमित्राबाई होती. मी तिला नमस्कार केला. सपना पलंगावर बसून हे पाहत होती. मी म्हणालो, हे तुझं दार आहे, वाटेल तेव्हा जा, वाटेल तेव्हा ये. तिने ट्रंक उचलली नाही.

२६ जून, मंगळवार

शाळा उघडल्या. आचलचं नाव इथल्या शाळेत घातलं. बाईंनी विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हणालो, कायमसाठी. आचलने मला विचारलं, आबाजी, मी पाणी प्यायला जाऊ का? शाळेतल्या नळाकडे बोट दाखवत. मी म्हणालो, विचारायचं नसते बाई. ती तरीही थांबली, मी मान हलवेपर्यंत.

भुऱ्या आता घरभर फिरतो. पुढच्या खोलीतही बारदाना टाकला आहे. परवा एक गिऱ्हाईक घरी आलं, म्हणालं, काय हो, एवढ्या भारी टाइल्स झाकून ठेवल्या? मी म्हणालो, ससा घसरतो. फक्त माझ्याजवळ तो अजून येत नाही. मी बसतो तिथून तो लांबून जातो.

३ जुलै, मंगळवार

आज दुपारी सपना दुकानात आली. लग्नानंतर पहिल्यांदा, भर रस्त्याने, छत्री घेऊन. आत चार गिऱ्हाइकं होती आणि अण्णाजी चहा घेत होते. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कडी दाखवा."

मी ट्रे काढून ठेवला. तिने एकेक उचलून पाहिली, दांडी मागेपुढे करून पाहिली, हलक्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "ती पितळी होती ना आपली, मी काढलेली, ती कुठं आहे?" ती माझ्या गल्ल्यातच होती, त्या दिवसापासून. मी फडक्याने पुसून तिच्या हातात दिली, चार स्क्रू दिले. लावून देऊ का, असं विचारलं. म्हणाली, नको, मले येते.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती दाराशी बसून शेवटचा स्क्रू पिळत होती. आतल्या बाजूने. भुऱ्या तिच्याजवळ बसून पेचकसाचा वास घेत होता. मला पाहून तो आत गेला. काम झाल्यावर तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली, लागते की नाही ते पाहायला. माझ्या तोंडासमोर.

कडी चांगली बसली होती, आवाजावरून मला कळतं. मी बाहेर उभा राहिलो. दार बराच वेळ उघडलं नाही. मी ठोठावलं नाही.